छातीतली कळ थांबली, म्हणजे धोका टळला का?

“जरा कळ आली होती. बसलो, पाणी प्यालो, गेली. गॅस असेल.” आपल्या भागात असे घर विरळाच, जिथे हे वाक्य कधी बोलले गेले नाही. बोलणारा बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला कास्तकार असतो. कापसाचे गाठोडे उचलताना किंवा संत्र्याचे क्रेट गाडीत चढवताना कळ आलेली असते. थोड्या वेळाने ती जाते, माणूस पुन्हा कामाला लागतो आणि घरात कोणाला सांगतही नाही.

बंधू-भगिनींनो, या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या हृदयापाशी स्वतःचे असे एक औषध आहे. संकटाच्या वेळी ते हृदयाला काही काळ सांभाळून घेते. पण सोसायटीच्या कर्जाच्या भाषेत सांगायचे तर ती मुदतवाढ असते, कर्जमाफी नव्हे. मुदत मिळाली असताना जो हातपाय हलवत नाही, त्याच्या दारी जप्ती यायचीच.

हे औषध कोणते, हे समजून घेण्यासाठी फार लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगड चालतात, शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. ती प्रथा बरी की वाईट, हा आजचा विषय नाही. पण ज्याने गोटमार पाहिली आहे, त्याला ठाऊक आहे की डोक्यातून रक्त वाहत असलेला माणूस पुन्हा दगड उचलायला वाकतो. दुखणे त्याला घरी गेल्यावर, रात्री कळते. काही जण प्यालेले असतात हे खरे, पण पूर्ण शुद्धीवर असलेल्यांचेही असेच होते. वावरातही आपण हे पाहतो. तूर कापताना विळा बोटाला लागतो आणि ओळ संपेपर्यंत ते ध्यानातही येत नाही.

शरीर हे दुखणे दाबते कसे? याचे उत्तर सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मिळाले. १९७३ साली अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की मेंदूतल्या पेशींवर बारीक बारीक कुलपे असतात आणि अफूतले मॉर्फिन त्या कुलपांत किल्लीसारखे नेमके बसते. मग प्रश्न असा पडला, की ज्या माणसाने जन्मात अफूचे बोंड पाहिले नाही, त्याच्या डोक्यात अफूचे कुलूप कशासाठी? कुलूप आहे त्या अर्थी घरची किल्लीही असली पाहिजे. ती किल्ली १९७५ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ या दोघांनी डुकरांच्या मेंदूतून वेगळी काढली. तिला त्यांनी एन्केफॅलिन असे नाव दिले. पुढे अशा आणखी पदार्थांचा शोध लागला. त्यांतल्या एका गटाला एन्डॉर्फिन म्हणतात, म्हणजे शरीराच्या आतले मॉर्फिन. धावपळ, इजा, भीती, प्रसूतीच्या वेणा अशा वेळी शरीर हे पदार्थ सोडते आणि दुखण्याची धार बोथट होते.

प्रारंभी वाटले, की हे सारे मेंदूपुरतेच आहे. मग प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हृदयाचा स्नायू तपासला, तेव्हा तिथेही एन्केफॅलिन तयार करण्याची सामग्री भरपूर आढळली. हृदयाच्या पेशींवर त्याची कुलपेही सापडली. आता हृदय काही विचार करीत नाही. मग दुखणे दाबण्याचा पदार्थ त्याने स्वतःजवळ का बाळगावा? कारण तिथे त्याचे काम निराळे आहे. मेंदूत तो वेदना कमी करतो आणि हृदयात तो पेशींना मरणापासून वाचवायला मदत करतो. ही दोन कामे वेगळी आहेत, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हे दुसरे काम संत्र्याच्या बगीच्याचा मालक चटकन समजेल. आंबिया बहार धरायचा असला, की आपण थंडीत झाडांचे ओलित तोडतो आणि त्यांना ताण देतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस. पाने किंचित मलूल होतात, झाड आत काहीतरी राखून ठेवते, आणि मग पाणी मिळाले की फुलावर येते. हा ताण बेताचा असला तरच लाभ. तो लांबला तर पाने गळतात, फांद्या वाळतात आणि शेवटी झाड हातचे जाते.

१९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रीमर या डॉक्टरांनी कुत्र्यांच्या हृदयावर असाच ताणाचा प्रयोग केला. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी त्यांनी पाच मिनिटे बंद केली, पाच मिनिटे उघडली, आणि असे चार वेळा केले. मग तीच नळी सलग ४० मिनिटे बंद ठेवली. ज्या कुत्र्यांना आधी असा थोडा थोडा ताण दिला होता, त्यांच्या हृदयाचा मेलेला भाग इतर कुत्र्यांच्या मानाने जेमतेम चौथा हिस्सा भरला. म्हणजे थोड्या वेळच्या टंचाईने हृदय सावध झाले आणि पुढची मोठी टंचाई त्याने सोसली.

या सावधपणात शरीरातल्या अफूचा हात आहे, हे १९९५ साली अमेरिकेतच मिलवॉकी येथे गॅरेट ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले. नॅलॉक्सोन नावाचे एक औषध आहे. अफूच्या वर्गातल्या औषधांचा मात्रेबाहेर अंमल चढून श्वास मंदावला, की डॉक्टर ते टोचतात. ते अफूच्या कुलपात जाऊन बसते आणि किल्लीला आत शिरू देत नाही. उंदरांना ते दिल्यावर त्या थोड्या ताणाचा फायदा नाहीसा झाला. किल्ली अडवली, की ढाल गळून पडली. पुढच्या संशोधनातून असे दिसले, की कुलूप उघडल्यावर हृदयाच्या पेशीत एकामागून एक निरोप जातात आणि शेवटी पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचतात. रक्त थांबते तेव्हा आणि ते पुन्हा एकदम सुरू होते तेव्हा, दोन्ही वेळा या भट्ट्या फुटण्याचा धोका असतो. ताण तोडताना पहिले ओलित हलके द्यावे, हे आपण जाणतोच. वाळलेल्या हृदयालाही अचानक आलेले रक्त बाधते. शरीरातली अफू या दोन्ही धक्क्यांत भट्ट्या सांभाळते.

माणसांतही याच्याशी जुळणारी गोष्ट आढळली आहे. ज्यांना मोठ्या झटक्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत छातीत लहान लहान कळा येऊन गेल्या होत्या, त्यांच्या हृदयाचे नुकसान पुष्कळदा कमी झालेले दिसले. चालताना कळ येते आणि बसल्यावर थांबते, ती मुख्यतः हृदयाचे काम हलके झाले म्हणून. पण तेवढ्या वेळात हृदय सावधही झालेले असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, “मग तर बरेच आहे! कळा येऊ द्या, हृदय पक्के होईल.” नेमका इथेच घात आहे. ड्यूक विद्यापीठाच्या त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग ऐका. काही कुत्र्यांची नळी ४० मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली. तेव्हा आधीच्या ताणाचा काडीचाही उपयोग झाला नाही. सावध केलेली आणि न केलेली, दोन्ही हृदये सारखीच मेली. म्हणजे ढाल ४० मिनिटांच्या माराला पुरली, तीन तासांच्या माराला पुरली नाही. शिवाय ही ढाल कायमची नसते. तिचा पहिला जोर तास-दोन तासांत ओसरतो. सुमारे एका दिवसाने ती पुन्हा थोडी उभी राहते आणि दोन-तीन दिवसांत विरून जाते. वय झालेल्यांत आणि साखरेची बिमारी असलेल्यांत ती मुळातच लेचीपेची असते. साखरेच्या रोग्याच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे त्याला झटक्यात कळ न येता नुसता घाम सुटतो, दम लागतो किंवा मळमळते. त्याच्याकडे ढालही कमी आणि इशाराही कमी.

डॉक्टरांनी ही ढाल बाहेरून चढवण्याचाही प्रयत्न केला. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून तो पाच मिनिटे आवळायचा, पाच मिनिटे सोडायचा, असे चार वेळा करायचे. हाताला बसलेल्या ताणाने हृदयही सावध होईल, अशी आशा होती. युरोपातल्या चार देशांत झटका आलेल्या ५,४०० रोग्यांवर ही तपासणी झाली आणि २०१९ साली निकाल आला. वर्षाच्या शेवटी मृत्यूत किंवा हृदय दुबळे होण्यात काहीच फरक पडलेला नव्हता. ज्याने रोग्यांना खरोखर वाचवले, ते होते वेळेवर उघडलेल्या रक्तवाहिनीचे उपचार. म्हणून माझे मत असे, की शरीरातल्या या देणगीचे कौतुक जरूर करावे, पण भिस्त दवाखान्यावर आणि घड्याळावर ठेवावी.

आता बाहेरच्या अफूविषयी. आपल्याच मध्य प्रदेशात नीमच, मंदसौर, रतलामकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे. तिथली अफू औषधांसाठी जाते आणि कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फिन मिळते, ही मोठी दया आहे. पण अफू किंवा डोडा खाल्ल्याने हृदय मजबूत होते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, असा एक जुना समज आहे. इराणमध्येही हा समज खोल रुजलेला आहे. तिथे गोलेस्तान प्रांतात ५०,००० माणसांची कित्येक वर्षे पाहणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत अफू घेणाऱ्यांत मरणाचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ८६ टक्के जास्त निघाले. बिडी-सिगारेटचा हिशेब वेगळा काढल्यावरचा हा आकडा आहे. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या रोगाने होणारे मृत्यूही त्यात जास्तच होते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अफूसेवन हे कॅन्सरचे निश्चित कारण ठरवले. शरीर आपली किल्ली गरजेपुरती, मोजून आणि नेमक्या जागी वापरते. बाहेरची अफू मात्र दिवसरात्र सगळ्या कुलपांत घुसून बसते आणि घरच्या किल्लीला काम उरत नाही.

दवाखान्यात झटक्याच्या रोग्याला असह्य वेदना असतील तर डॉक्टर मॉर्फिन टोचतात. पण तेही आता हात राखून, कारण मॉर्फिनने पोट मंदावते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रक्तात उशिरा पोहोचतात. जे औषध डॉक्टर इतक्या जपून वापरतात, ते आपण घरी वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

अफू आपल्याकडे कोणी सहसा खात नाही, असे म्हणाल. बरे आहे. पण अंगदुखीची गोळी? निंदण झाले की गोळी, फवारणीचा पंप पाठीवर वाहिला की गोळी, कापूस वेचून कंबर दुखली की गोळी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोजच्या रोज घेतल्या, तर हृदयाच्या झटक्याचा धोका वाढतो, हे आता चांगले माहीत झाले आहे. आणि छातीत कळ आली असताना अशी गोळी घेणे म्हणजे चोर घरात असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला मारून गप्प करणे. दारूचेही तेच. मोहाची असो की ठेक्यावरची, ती दुखणे विसरायला लावते, रक्तवाहिनीतली गुठळी काढीत नाही. खर्रा तर त्याहून वाईट. त्यातला तंबाखू रक्तवाहिन्या आवळतो आणि हृदयाला विनाकारण पळवतो.

वर सांगितलेली दोन कामे आता आठवा. दुखणे थांबणे वेगळे आणि हृदय वाचणे वेगळे. गोटमारीत डोके फुटलेल्या माणसाला दुखत नसते, म्हणून त्याची जखम काही भरलेली नसते.

इथे आपल्या ख्रिस्ती घरांतल्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे. आपण दुःख सहन करणे हा सद्गुण मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या आया-बहिणी छातीतली, जबड्यातली, पाठीतली कळ चार-चार दिवस गुपचूप सोसतात आणि वर म्हणतात, “देवाला वाहिली.” बायकांची कळ पुष्कळदा छातीत नसतेच. थकवा, मळमळ, खांद्यांच्या मधली दुखण, असे तिचे रूप असते. त्यामुळे त्या सांगत नाहीत आणि घरचे विचारीत नाहीत. जी वेदना टाळता येत नाही, ती सोसण्यात थोरवी आहे. जी वेदना मुलाबाळांचे छत्र जाणार असल्याचा निरोप घेऊन आली आहे, ती लपवण्यात कसली थोरवी?

मग करायचे काय? छातीत दाबल्यासारखे, आवळल्यासारखे दुखले, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेले, घाम फुटला, आणि हे दहा मिनिटांत थांबले नाही, तर ताबडतोब निघावे. गाडीची किल्ली रोग्याच्या हाती देऊ नये, त्याला चालवू नये, १०८ ला फोन करावा. ज्याला अ‍ॅस्पिरिन सोसते आणि पोटात व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास नाही, त्याला ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये, तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. आणि कळ आपोआप थांबली, तरी त्याच दिवशी ईसीजी काढावा. एक ईसीजी चांगला आला म्हणून घरी पळू नये. डॉक्टरांनी पुन्हा काढायला सांगितला तर थांबावे.

२०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी तिगावचा माणूस अजून नागपूरचीच वाट धरतो. ती वाट शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. घरात दोन तास वाद घालण्यात आणि दोन तास वाटेत गेले, तर ढालीची मुदत कधीच संपलेली असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिले तर सर्वांत जास्त गुण येतो. ते जवळच्या दवाखान्यात देऊन मग रोग्याला पुढे नेता येते. म्हणून दुखणे येण्याआधीच, चांगल्या दिवशी जाऊन विचारून ठेवा: जवळ ईसीजी कुठे निघतो? हे इंजेक्शन कुठे मिळते? रात्री डॉक्टर कुठे भेटतात? आणि गावातल्या प्रत्येक मोहल्ल्यात रात्री-बेरात्री निघू शकतील अशा दोन गाड्यांची नावे ठरवून ठेवा. मयतीला सारा गाव धावतो. त्याच गावाने थोडे आधी धावावे, एवढेच मागणे आहे.

राहिली गोष्ट घरच्या किल्लीची. ती जोपासता येते का? नियमित श्रमाने हृदय ताण सोसायला शिकते आणि त्यात या पदार्थांचा वाटा आहे, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. “आम्ही तर दिवसभर राबतो,” असे कास्तकार म्हणेल. पण हंगामात मर मर राबणे आणि उन्हाळ्यात पारावर बसून राहणे, हे नियमित नव्हे. बसलेल्या अंगाने एकाएकी जड काम अंगावर घेतले, तर तोच दिवस धोक्याचा ठरतो. रिकाम्या महिन्यांतही रोज अर्धा-पाऊण तास भराभर चाला, आणि मृगाच्या तोंडावर काम हळूहळू वाढवा. चारचौघांत मोकळे हसल्यावर मेंदूत ही आतली अफू सुटते, हे २०१७ साली फिनलंडमध्ये मेंदूच्या चित्रांवरून दिसले. सर्वांनी मिळून गायल्याने वेदना सोसण्याची ताकद वाढते, असेही आढळले आहे. तेव्हा गायनाच्या सरावाला जरूर जा. त्याने गुठळी विरघळणार नाही, पण मन हलके होईल. आणि एक फायदा आणखी आहे: शेजारी उभा राहून गाणाऱ्याला तुमचा बदललेला चेहरा दिसेल, आणि “काय होतंय गा?” असे विचारणारा कोणीतरी तुमच्याजवळ असेल. त्याने विचारले, तर “काही नाही, गॅस आहे,” असे म्हणू नका. खरे ते सांगा आणि निघा.